भोंगा वाजला की वर

अमेरिकेत मुलीच्या गावी भोंगा वाजला आणि मी तिच्या तळघरातलं सगळं सामान उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं.

भोंगा चाचणीचा होता. त्या गावात दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी तो वाजतो आणि लोक त्यावर घड्याळ लावून घेतात. आधीच्या महिन्यात तो वाजला तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणासाठी इस्पितळात होतो, म्हणून मला हे माहीत नव्हतं. बरं, समजा खरा असता, तरी तो पाण्याचा नसतो, वावटळीचा असतो. आणि वावटळ आली की माणसांनी तळघरात उतरायचं असतं, वर जायचं नसतं. म्हणजे खोटा भोंगा मी खरा समजलो, आणि खरा समजून पळालो तेही उलट्या दिशेने. उभी हयात महाडच्या पोरांना भूगोल शिकवलेल्या माणसालाच इतकं पद्धतशीर चुकता येतं.

ही गोष्ट मी आमच्या बाजारपेठेत इतक्यांदा सांगितली आहे की आता ती माझी राहिलेली नाही. समोरचे कासमभाई, ज्यांचे दोन टेम्पो आहेत आणि ज्यांचं तरुणपण कुवेतला गेलं, ते नवा माणूस भेटला की त्याला माझ्या ओट्यावर आणून बसवतात. “मास्तर, तो पाळण्याचा भाग सांगा.” मी सांगतो. लोक हसतात. पण आषाढात सांगायला बसलो की आवाज मध्येच कुठेतरी बसतो, आणि मग कासमभाई कोणी न मागता चहा मागवतात.

आता पुन्हा आषाढ आहे. आमच्या पेठेत तो कसा येतो हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. दुकानांच्या खालच्या फळ्या आपोआप रिकाम्या होत जातात. कापडवाल्याकडे गेलं तर तो खालच्या फळीवर हात न नेता शिडीच लावतो. घराघरांत गॅसचा सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधला जातो, कारण पाण्यात तो बोटीसारखा तरंगतो आणि घरभर हिंडून कपाटं फोडतो. फ्रिजखाली टेबल येतं. लग्नाचे अल्बम, शाळेचे दाखले, पापडाचे डबे, सगळं माळ्यावर. आमच्याकडे पाहुण्याला “या, बसा” म्हणतात, पण आषाढात खुर्ची खाली आणायला लागते, म्हणून नुसतं “या” म्हणतात.

आणि आभाळाकडे कोणी बघत नाही. सावित्री आमच्याकडे यायच्या आधी पोलादपुरावरून येते, म्हणून महाडची माणसं आषाढात वरच्या अंगाला फोन लावतात. आमच्या हिचं माहेर पोलादपुराकडचं कापडे गाव. तिचा थोरला भाऊ तिथे भात लावतो. सकाळी उठून ही आधी त्याला विचारते, मग दात घासते.

“दादा, वढा कुठवर हाय?”

“बांधाला लागलाय. पन कुडपणचा डोंगर काय दिसत नाय गो, सगला धुरकाट हाय.”

एवढ्यावर ती ठरवते, तांदळाचं पिंप आज चढवायचं की उद्या. मी तोवर फोनवर ढगांची रंगीत चित्रं उघडून बसलेला असतो. “रायगडवर लाल आहे,” मी म्हणतो. ती म्हणते, “तुमचं लाल राहू दे, जरा पिंपाचा कान धरा.”

तिकडे बाणकोटच्या खाडीला भरती असली आणि इकडे घाटावर कोसळत असलं की नदीला जायला जागा उरत नाही. मग नगरपालिकेचा भोंगा होतो. तो एकदा ऐकलेल्या माणसाच्या पोटात कायमचा राहायला येतो. तो वाजला की विचार करायचा नसतो. वर न्यायचं. काय वर न्यायचं, आधी काय, मग काय, हे बाळगुटीबरोबर पाजलेलं असतं.

त्या वर्षीचा आषाढ मला चुकला. मुलगी, वैशाली, बाळंत होणार होती, म्हणून मी आणि ही सहा महिन्यांसाठी अमेरिकेला गेलो. जावई तिथल्या इस्पितळात संगणकाचं काहीतरी बघतो. गावाचं नाव लिहीत नाही. एक तर ते मला अजून धड उच्चारता येत नाही, आणि पुढे मी जे लिहिणार आहे ते कोणत्याच गावाला आपल्याबद्दल वाचायला आवडणार नाही.

मला वाटलं होतं, अमेरिका म्हणजे काचेचे मनोरे. विमानातून उतरून मोटारीने जात राहिलो, दोन्ही बाजूंना मका, मका आणि मका, आणि मग एका नदीच्या वळणावर ते गाव आलं. आकाराने आमच्या महाडएवढं. इतिहास विचाराल तर आधी कालवा आला, मग रेल्वे आली, मग कागदाची मिल आली, आणि मग काहीच आलं नाही. मिलची चिमणी अजून उभी होती. तिच्यातून धूर येत नव्हता, तिच्यावर एक झाड उगवलं होतं.

हवामान दमट. उन्हाळा आमच्या मे महिन्यासारखा घामट, संध्याकाळी गवतावर काजवे. काजवे बघून मी हरखलो, कारण आमच्याकडे काजवे दिसले की पुढे चार महिने काय वाढून ठेवलंय ते कळतं. तिथे काजव्यांच्या मागून काहीच आलं नाही. दुपारी आभाळ फाटल्यासारखं कोसळायचं आणि अर्ध्या तासात ऊन. तो पाऊस मुक्कामाला येत नसे, रस्ता विचारायला आल्यासारखा यायचा आणि जायचा. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडतो असं सगळे सांगत. मी म्हणे, आमच्याकडे गळ्याइतकं पाणी येतं. त्यांना ते बढाईसारखं वाटे, आणि खरं सांगायचं तर ती होतीच.

अर्थव्यवस्थेचा धडा मुख्य रस्त्यावर उघडा पडला होता. दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेले. एका दुकानात लग्नाचे पांढरे झगे होते, तिथे आता जुने कपडे विकत. बँकेच्या दगडी इमारतीत व्यायामशाळा निघाली आणि बंदही झाली. चालू काय, तर औषधांची दुकानं, चर्च, आणि गावाबाहेर ते भलंमोठं इस्पितळ. जावई म्हणाला, “बाबा, इथे सगळ्यात जास्त नोकऱ्या आमच्याकडे आहेत.” मी बाहेरच्या बाकांवर बसलेली माणसं बघितली. सगळी माझ्या वयाची. त्या गावचा मुख्य उद्योग आता म्हातारपण होता. कच्चा माल भरपूर, आणि तो संपला की गिरणी बंद.

वाचनालयाच्या भिंतीवर पितळेची एक पट्टी होती. कोण्या जुन्या काळी नदी इथवर चढली होती, असं तिच्यावर लिहिलेलं. मी तिला हात लावून बघितला. आमच्या बैठकीच्या भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेपेक्षा ती चार बोटं खाली होती. मला उगाचच बरं वाटलं. अमेरिकेत येऊन एका तरी गोष्टीत आपण वरचढ निघालो.

ती भिंतीवरची रेषा तेव्हाची जुनी होती. पुढच्याच आठवड्यात ती पुसली जाऊन बरीच वर नवी उमटायची होती, आणि मी तिथे पितळेला हात लावून हसत होतो.

पाणी आलं तेव्हा तिकडे दुपार होती. लख्ख ऊन. शेजारचा वॉल्टर यंत्राने गवत कापत होता आणि कापलेल्या गवताचा हिरवा वास घरात येत होता. वॉल्टर म्हणजे पंच्याहत्तरीचा, एका गुडघ्याने अधू, जन्मभर त्याच कागदाच्या मिलमध्ये काम केलेला माणूस. एकटाच राही. माझा फोन वाजला. कासमभाईंनी चित्रफीत पाठवली होती. अंधार, विजेरीचा झोत, झोतात तपकिरी पाणी, आणि पाण्यातून वर आलेला आमच्या ओट्याचा कठडा. कासमभाईंचा आवाज येत होता, “मास्तर, हे तुमचं बघा, हे तुमचं.” दुसरी चित्रफीत आली तिच्यात कठडा नव्हता. त्यानंतर काहीच आलं नाही.

मुलगा मंगेश औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेला होता. सून सायली लेकीला घेऊन पोलादपूरला माहेरी. घराची किल्ली कासमभाईंकडे. मी सगळ्यांना फोन लावले, एकही लागला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मराठी बातम्यांत पोलादपुराकडच्या डोंगरांचं सांगू लागले, कुठे कडा सुटला, कुठली वाडी होती तिथे आता काय आहे. ही वैशालीच्या तान्ह्या बाळाला तेल लावत बसली होती. नावं ऐकत होती आणि लावत होती. वाटीतलं तेल संपलं, तरी तिचा हात चालूच होता. वैशालीने वाटी काढून घेतली तेव्हा ती म्हणाली, “बाळाचे पाय गार पडलेत.” बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं.

मी काय केलं? मी जावयाला सावित्रीचं खोरं समजावून सांगितलं. कागदावर नकाशा काढला, उगम, उपनद्या, भरतीची वेळ. जावई मान डोलावत होता. कागद भरला तेव्हा मी दुसरा मागितला.

मग मंगेशचा फोन आला. “बाबा, मी आहे,” तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, “माझे बूट गेले.”

कारखान्याच्या गच्चीवर पाळीतली सगळी माणसं चढून बसली होती. तिथून त्याने काय काय वाहत जाताना पाहिलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही. मी अधूनमधून विचारतो. विचारतो, आणि तो तोंड उघडायच्या आत अमेरिकेत आमचं काय झालं ते सांगू लागतो. ही खोड मला शाळेत लागली. प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं. तास वेळेवर संपतो.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. सगळी जिवंत होती, कापड्याला भाऊ जिवंत होता, त्याच्या घरामागच्या टेकाडाला मात्र भेग पडली होती. आम्ही जेवत होतो, फिरायला जात होतो, बाळ हसायला लागलं होतं. आणि कानात सतत काहीतरी भरून राहिलेलं. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या बुधवारी वैशाली आणि ही बाळाला डोस द्यायला घेऊन गेल्या. घरात मी एकटा. आभाळ काळं झालेलं. आणि भोंगा झाला.

आवाज तोच होता. म्हणजे तोच नसणार, पण मला शपथेवर विचारलंत तर तोच होता.

पुढे काय झालं ते कासमभाईंच्या पाहुण्यांना तोंडपाठ आहे. तळघरात तांदळाच्या पिशव्या होत्या, बाळाच्या लंगोटांचे खोके होते, जावयाची जागच्या जागी चालणारी सायकल होती. सगळं जिन्याने वर. गॅसचा सिलिंडर बांधायला शोधला, तो सापडेना, तेव्हा खरा घाबरलो. पाणी यायच्या आधीच तरंगून गेला की काय. तिथे गॅस नळातून येतो हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी माझ्यात ते माहीत असलेला माणूस हजर नव्हता. फ्रिज आडवा करायला गेलो. तो फ्रिज आमच्या न्हाणीएवढा होता. त्यानेच मला भिंतीशी दाबून धरलं. शेवटी राहिला बाळाचा पाळणा, लाकडी, जड. मी तो दारापर्यंत ओढत आणला आणि वॉल्टरला हाका मारल्या.

वॉल्टर अधू गुडघ्याने कुंपण ओलांडून आला. एक शब्द न विचारता त्याने पाळण्याची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघे म्हातारे थांबत थांबत जिना चढलो, छपराखालच्या खोलीत पाळणा ठेवला आणि धापा टाकत तिथेच बसलो. मग त्याने विचारलं, “आपण काय करतोय?”

“पाणी,” मी म्हणालो. “भोंगा.”

“आज बुधवार आहे,” तो म्हणाला.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्याला सांगितलं की पाणी वार बघून येत नाही. तेव्हा त्याने सगळं उलगडून सांगितलं, चाचणी, वावटळ, तळघर. वावटळ आली तर छप्पर आधी जातं, म्हणाला, आणि पत्र्याचं झाकण उडावं तसा हात केला. मी छपराकडे बघितलं. मग छपराखालच्या पाळण्याकडे बघितलं. वॉल्टरला हसू फुटलं, इतकं की जिन्याच्या पायरीवर बसून तो डोळे पुसू लागला, आणि मीही हसलो, आणि हसताना माझं काय झालं कोण जाणे, मला ते थांबवता येईना, आणि थोड्या वेळाने त्या माणसाचं हसू बंद झालं होतं आणि तो माझ्या पाठीवर हात ठेवून नुसता बसला होता.

हा शेवटचा भाग मी ओट्यावर सांगत नाही.

वैशाली आली. “बाबा, सायकल वर का आहे?” तिने विचारलं. ही वर गेली, पिशव्या बघितल्या, खोके बघितले. म्हणाली, “वैशू, आजची रात्र राहू दे सगळं वरच. उद्या उतरवू.” त्या रात्री आम्हा दोघांना त्या देशात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

नंतर वॉल्टर आणि मी रोज नदीवर जाऊ लागलो. मिलच्या मागे एक पायवाट होती. पाणी इतकं निवळ की तळाचे गोटे दिसत. उथळात लांब पायांचे करडे बगळे उभे. मी म्हणालो, काय सुंदर नदी आहे तुमची. तो म्हणाला, मी कामाला होतो तेव्हा ती रोज वेगळ्या रंगाची असे. मिलमध्ये कुठला कागद चालू आहे ते पाण्यावरून कळे. गुलाबी, पिवळा, कधी निळा. गावभर उकडलेल्या कोबीचा वास. परगावचे लोक नाक धरून जात आणि आम्ही त्या वासात जेवत असू. मिल बंद झाली आणि दोन-चार पावसाळ्यांत नदी धुऊन निघाली. मासे परत आले. “पण धरायला कोणी नाही,” तो म्हणाला.

मला आमच्या संध्याकाळी आठवल्या. वसाहतीकडून वारा आला की पेठेत खिडक्या लागतात. सावित्रीला कधी फेस, कधी कसलीशी झाक, आणि ज्यांचे बाप तिच्यावर जाळं टाकत त्यांची मुलं आता पाळीच्या बसला उभी असतात. आम्ही शिव्या देतो आणि बसला हात करतो. आमच्याकडे पोरं आहेत आणि नदीत हात घालवत नाही. त्यांच्याकडे नदी ओंजळीने प्यावी अशी आणि गावात पोरं नाहीत. तिसरा प्रकार मी कधी वर्गात शिकवला नाही. पुस्तकात नव्हता. मला वाटायचं, पुढच्या इयत्तेत असेल.

परत आलो तेव्हा थंडी पडली होती आणि घर धुऊन झालं होतं, तरी घराला वास होता. चिखलाचा म्हणावा तर नुसत्या चिखलाचा नाही, औषधी, जिभेवर येणारा. बैठकीत नवी रेषा माझ्या डोक्याच्या वर. कासमभाई काय काय वाचवलं ते दाखवायला माळ्यावर घेऊन गेले. लोणच्याच्या बरण्या. हिचं शिलाई मशीन. आणि कुकर, त्याच्यात आमचे देव.

“एक हात जिन्याला लागत होता, मास्तर. दुसऱ्या हातात एकच भांडं मावत होतं. झाकणही लावलं, पाणी शिरू नये म्हणून.”

“आणि माझे नकाशे?”

“ते ऱ्हायले.” मग माझं तोंड बघून म्हणाले, “पुस्तकं काय, परत छापतात.”

शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेला पृथ्वीचा गोल मात्र मागच्या अंगणात सापडला. चिखलाने भरलेला, हलवला की आत खळखळायचा. समुद्र आत आणि देश कुठेच नाहीत, असा. हिने तो बराच धुतला आणि मग टाकून दिला.

पुढच्या वर्षी मंगेशने वर एक मजला चढवला. तो, सायली आणि नात वर राहतात. आम्ही खाली, कारण हिला जिना होत नाही. म्हणजे पाणी आलंच तर आधी ज्यांना उचलायला लागेल ते खाली, आणि उचलणारे वर. शहाण्या घरात हे उलट असतं. पण वरून त्यांच्या चालण्याचा आवाज येतो, नात धावते तेव्हा दिव्याची साखळी हलते, आणि ते ऐकत आम्ही दोघे अंधारात पडून असतो. आमचा पावसाळा त्या आवाजावर निघतो.

यंदा आषाढ लागायच्या आत मंगेशच्या कारखान्यातून बातमी आली. त्याचं युनिट गुजरातला हलवणार. ज्यांना जायचं त्यांना तिकडे जागा, बाकीच्यांनी आपलं बघावं. पाळीच्या बसमध्ये दुसरा विषय नव्हता. घरात मात्र तो काढायला कोणी तयार नव्हतं. मंगेश बोलत नव्हता, सायली बोलत नव्हती. हिच्यात आणि सायलीत जिन्यात उभ्याने काही कुजबुज होई, मी दिसलो की भाजीचे भाव निघत. मी आपला रोज वरचे आवाज ऐकत होतो आणि मनात भाषण तयार करत होतो.

परवा संध्याकाळी तो खाली आला. पाऊस लागून राहिला होता. तो समोर खाटेवर बसला, दोन्ही हातांनी कप धरून. ही एका बाजूला लसूण सोलत होती.

“बाबा, जरा बोलायचं होतं,” तो म्हणाला.

मला वाटलं, आली वेळ. पोराने तोंड उघडायच्या आत आपण त्याला अडवलं पाहिजे. म्हणालो, “थांब. आधी माझं ऐक. वैशूच्या गावची गोष्ट तुला कधी नीट सांगितलीच नाही.”

“भोंग्याची माहितीये, बाबा.”

“भोंग्याची नाही रे. गावाची.”

आणि मी सुरू झालो. कालवा, रेल्वे, मिल. इतकं चांगलं मी शाळेतसुद्धा शिकवलं नसेन. काचांना लावलेले कागद सांगितले, चिमणीवरचं झाड सांगितलं, इस्पितळाबाहेरचे बाक सांगितले. गाव कशाने मरतं, पाण्याने नाही, पाणी आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. तरुण माणसं निघून गेली की मरतं. निवळ नदी सांगितली. धरायला कोणी नाही ते मासे सांगितले. मंगेश ऐकत होता. खरंच ऐकत होता. कप थंड झाला तरी त्याने तो तोंडाला लावला नव्हता. मला स्फुरण चढलं.

“त्या वॉल्टरला दोन मुलगे,” मी म्हणालो. “थोरला मिल चालू असतानाच निघून गेला. पश्चिमेला कुठेतरी. घर, संसार, सगळं झालं त्याचं. नाताळला बापाला फोन करतो. धाकटा बापासाठी राहिला. गाव सोडणार नाही म्हणाला. मग मिल बंद. मग मिळेल ते काम. एकदा पाठीला मार लागला, डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या, त्या गोळ्या काही सुटल्या नाहीत. तिथे अशी पुष्कळ पोरं गेली. वॉल्टरलाच सापडला तो, गाडीत.”

हे मला सांगायचं नव्हतं. पण गोष्टीतला सगळ्यात जड भाग तोच होता, आणि जड भाग हाताशी आल्यावर तो खाली ठेवून पुढे जाणं मला कधी जमलेलं नाही.

वर नात कशावरून तरी हसत होती. मंगेशने कप जमिनीवर ठेवला.

“म्हणजे जो आधी गेला तो वाचला,” तो म्हणाला.

“तसं नाही रे. माझा मुद्दा असा—”

“तसंच सांगितलंत तुम्ही. आणि थांबला तो बापासाठी थांबला.”

खोटं सांगायचं तर ते आधीच सांगायला हवं होतं. “हो,” मी म्हणालो.

त्याने समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिकडच्या रंगाखालून ओल वर यायला लागली होती. मग तो उठला. “बरं झालं सांगितलंत, बाबा,” तो म्हणाला, आणि ते टोमणा म्हणून नव्हतं, तेच वाईट होतं. “मी उगाच घोळ घालत होतो. सायलीशी बोलतो. शाळा सुरू झालीये, पण तिथे घेतील पोरीला.”

तो वर गेला. मग सायलीचा आवाज, मग त्याचा, मग कुठलंसं कपाट सरकवल्याचा. पाऊस तसाच होता.

“बघितलंस?” मी हिला म्हणालो. “मी त्याला थांबवायला सांगत होतो. पोरं अर्धंच ऐकतात. तो निरोप घ्यायचं ठरवूनच आला होता.”

ही लसूण सोलत राहिली.

“त्याला हितंच दुसऱ्या कंपनीत जागा मिळाली होती,” ती म्हणाली. रागावली की तिच्या तोंडी माहेरची, कापड्याची बोली येते. “सायलीनं सकाळीच सांगितलन मला. ऱ्हातो म्हणून सांगायलाच उतरला होता तो.”

मी जिन्याकडे जायला उठलो. वर जाऊन काय बोलायचं त्याची जुळवाजुळव डोक्यात सुरूही झाली होती; वॉल्टरच्या थोरल्या मुलाचं एकटेपण, तो फोन, बापाचं एकट्याचं जेवण.

“बसा खाली,” ती म्हणाली. “जन्मात पयल्यांदा पोरानं तुमचं आयकलंय.”